जिजीची बांगडी

परवा पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला. नवा पोरगा, शहाद्याकडचा. पावती पुढे धरून म्हणाला, "आक्का, आठे बांगडी काढा."

मी चष्म्यावरून त्याच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, "कुणाची बांगडी रे?"

"कुणाची म्हंजे? तुमनीच. सही करा, सही. आमनाकडे आसंच म्हनतस."

"का म्हणतात?"

त्याने खांदे उडवले. आजोबा म्हणायचे, बाप म्हणतो, म्हणून तोही म्हणतो. मी सही केली, तीही चांगली ऐसपैस, चौकटीबाहेर जाणारी. पोरगा पावती वाळवत वाळवत निघून गेला. त्याला थांबवून सगळं सांगावं असं फार वाटलं होतं, पण त्याच्या पिशवीत अजून निम्म्या नंदुरबारचं टपाल होतं. त्याला नाही सांगता आलं, ते इथे सांगते.

ती बांगडी जिजीची. जिजीचं कागदोपत्री नाव केसरबाई, पण त्या नावाने तिला हाक मारलेली मी फक्त सरकारी माणसांच्या तोंडून ऐकली. लोणखेड्यावरून म्हसावदकडे जाताना वाटेत आमचं गाव लागे. आमचं म्हणजे यांच्या नोकरीचं. हे तिथल्या शाळेत मास्तर म्हणून बदलून गेले तेव्हा माझं लग्न नुकतंच झालेलं होतं. मी नाशकाकडची. मला तिथली अहिराणी कळायला पहिला उन्हाळा गेला, आणि जिजी कळायला त्याहून पुष्कळ जास्त.

जिजीने आपल्या घराची एक बाजू आम्हाला भाड्याने दिली. भाडेचिठ्ठी यांनीच लिहिली. त्या काळी लिहिता न येणारा शेतकरी कागदावर नांगराची निशाणी करी आणि बाई बांगडीची. खरं तर ती निशाणी लिहिणाराच करून टाकी. एक इवलंसं वर्तुळ काढायचं, शेजारी 'निशाणी बांगडी' असं लिहायचं, बाईने टाकाला नुसता हात लावायचा, की झालं. यांनीही सवयीने वर्तुळ काढायला टाक उचलला, तर जिजीने तो हातातून काढूनच घेतला.

"मन्ही बांगडी तू कसाले काढस?"

मग तिने पदराची गाठ सोडली. गाठीत एक हिरवी काचेची बांगडी होती, हातात होत्या तशीच, त्याच भरणीतली. मन्यारणीकडून बांगड्या भरताना ती एक जास्तीची घेऊन ठेवी, केवळ या कामासाठी. ती बांगडी तिने कागदावर ठेवली, डाव्या हाताने दाबून धरली आणि बाहेरून टाक फिरवला. अर्धा कागद व्यापला. बांगडीला लागलेली शाई पदराने पुसली, गाठ पुन्हा मारली. तिच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराला निळ्या-काळ्या डागांची अशी एक जागाच असे.

साक्षीदार म्हणून मी खाली माझी सही केली. मला लिहिता येतं याचा थोडा तोरा होताच. जिजीने कागद डोळ्यांजवळ नेला.

"हाई काय? मुंगी मरी पडनी का आठे?"

"माझी सही आहे ती, जिजी."

"तुन्ही? मंग इतली का वाकी ऱ्हायनी? कोनी मारस का तुले?"

हे इतके लाजले की दौतीचं झाकण लावायचं विसरले.

जिजी अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. चालताना नवऱ्याच्या पुढे असे. नवरा दगा आबा देवमाणूस होता, पण त्याचं सगळं बोलणं बैलांशी. माणसांशी बोलायचं काम त्याने लग्नातच बायकोवर सोपवून टाकलं असावं. शेताची, बांधाची, बियाण्याची, देवळाच्या वर्गणीची, गावात जी काही कागदाची भानगड असेल ती जिजी बघे. दगा आबाला कुणी काही विचारलं तर तो म्हणे, "तिले इचारा, मी बैल धोई ऱ्हायनू."

कोणताही कागद जिजी दोनदा वाचून घेई. पहिल्यांदा उभी राहून, दुसऱ्यांदा बसून, आणि दोन्ही वेळा वाचणारा वेगळा. दुसऱ्यांदा वाचायचं काम बहुधा माझ्याकडे यायचं. एकदा मी विचारलं, "जिजी, यांनी वाचलंय ना एकदा नीट?"

"वाचं ना. पन मानूस वाचस तव्हय कठीन जागावर खोकलस."

तेव्हापासून हे वाचत असले की माझं लक्ष त्यांच्या खोकल्याकडे असे. खोकत, हो. अगदी लग्नपत्रिकेतही लग्न कुठल्या गावी आहे तिथे खोकत, कारण ते गाव लांब असलं तर मी जाऊया म्हणेन ही भीती!

तिच्या या निशाणीवर गावातल्या तलाठीभाऊंचा फार राग. ते एकदा म्हणाले, "जिजी, कागद सरकारचा आहे हो. जरा लहान काढा."

"हात मन्हा शे ना भाऊ? सरकारना हात ऱ्हाता, तर सरकारना मापनी काढती."

जिजीच्या मुलीचं नाव सुंदर. ती शाळेत जायला लागली तेव्हा दाखल्याच्या रजिस्टरात जिजीने बांगडी काढली, आणि ती वरच्या-खालच्या दोन्ही मुलांच्या रकान्यांत घुसली. पुढे तपासणीला साहेब आले. रजिस्टर उलटता उलटता थांबले आणि यांच्याकडे बघून कडक आवाजात म्हणाले, "मास्तर, शाळेच्या दप्तरावर चहाचा कप ठेवता?"

हे म्हणाले, "साहेब, तो कप नाही. ती सही आहे."

साहेबांना वाटलं मास्तर थट्टा करतो. शेवटी जिजीला बोलावणं गेलं. ती आली, गाठ सोडली, बांगडी त्या वर्तुळावर बरोब्बर ठेवून दाखवली आणि साहेबांना विचारलं, "आते तुमनी दखाडा." साहेबांनी मुकाट्याने शेऱ्याखाली आपली सही केली. जिजीने ती निरखली आणि "बरी शे" असं म्हणून घरी निघून गेली.

ही गोष्ट गावात पसरायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. तेव्हापासून गावात सही म्हणून काही उरलीच नाही. जी काय ती बांगडी. "पाटीलनी बांगडी व्हयनी का?" "मामलेदारनी बांगडी बाकी शे." एक फौजदार नवा आला होता, भल्या मोठ्या मिशांचा. त्याला कुणीतरी भर चावडीत म्हणालं, "साहेब, तुमनी बांगडी आठे." त्याची समजूत घालता घालता पाटलाच्या नाकी नऊ आले. आठवडे बाजाराच्या बैलगाड्यांतून शब्द शहाद्याला गेला, तिथून कुठे कुठे गेला देव जाणे. माझ्या दारापर्यंत मात्र परवा आला.

पण जिजी अंगठा का देत नाही? कचेऱ्यांतून आता अंगठा चाले. शाईत बुडवायचा, टेकवायचा, मोकळं व्हायचं. मी एका दुपारी मिरच्यांचे देठ काढता काढता विचारलं. जिजी नेहमी लगेच उत्तर देई. त्या दिवशी तिने बऱ्याच मिरच्या निवडल्या आणि मग बोलली.

"मन्ही आत्या मरनी तव्हय मी तिन्हा हात धोयात. अंगठा काया व्हता. शाई निंघेच ना."

आत्याला मूलबाळ नव्हतं. तिचं वावर आठवडाभरात पुतण्यांच्या नावावर चढलं. तिने राजीखुशीने दिल्याचा कागद होता, त्यावर अंगठा होता. सगळं अगदी कायदेशीर.

"अंगठा मरेल बाईना बी उठस," जिजी म्हणाली. "बांगडी जित्ता मानूसलेच काढता येस."

मी देठ टोपलीत टाकायचे ते मिरच्याच टाकत राहिले. त्यानंतर तिच्या निशाणीला हसायचं माझं धाडस कमी झालं.

दगा आबा गेला तो पेरणीच्या तोंडावर. दोन दिवस ताप काय आला, आणि माणूस संपला. बायकांनी जिजीच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, तो तर रिवाजच. पण आबाचा धाकटा भाऊ गिरधर आप्पा बायकांत येऊन हळूच म्हणाला, "गाठमानी बी काढा. आशी ठेवू नही." कुणीतरी पदराची गाठ सोडली. ती बांगडीही फुटली. त्या वेळी त्यातली मेख कुणाच्या ध्यानात आली नाही, माझ्याही नाही.

गिरधर आप्पा वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. पण त्याला दुसऱ्याचं सगळं आपल्याकडे जास्त नीट राहील असं मनापासून वाटे. भावाभावांच्या वाटण्या मागेच झालेल्या होत्या, तेव्हा दगा आबाचं वावर जिजीच्या नावावर चढायचं. आप्पाचं म्हणणं, बाईमाणसाला कशाला त्रास, माझ्या नावावर चढू द्या, मी सांभाळतो. सुंदरलाही तोच सांभाळणार होता. तिच्यासाठी अक्कलकुव्याकडचा एक बिजवर त्याने जवळजवळ ठरवूनच टाकला होता. सुंदर तेव्हा माझ्याकडे पाढे पाठ करायला यायची. बिजवराची मोठी पोर तिच्याच वयाची होती.

वारसाच्या चौकशीला सर्कलसाहेब आले तेव्हा जिजी कोपऱ्यात बसलेली होती. नवरा गेलेल्या बाईने महिनोन् महिने उंबरठा ओलांडायचा नाही, ही तिकडची रीत. आप्पाची सगळी मदार त्याच्यावर. चावडीत त्याने साहेबांना हात जोडून सांगितलं, "वहिनी कोपरामा बठेल शे. ती येवाव नही. घरमा आते मानूस मीच. मन्ही सही ल्या."

हे चावडीतच होते. त्यांनी शाळेतल्या एका पोराला घराकडे पिटाळलं. मी निरोप सांगायला जिजीकडे गेले, तर ती आधीच उठून उभी. डोक्यावरून पदर घेतलेला, आणि तिच्या शेजारी तिची धाकटी जाऊ जमना, म्हणजे याच गिरधर आप्पाची बायको. कोपऱ्यातली बाई एकटी चालत नाही, म्हणून आधाराला आली होती. जमनाचा आवाज मी तोवर कधी ऐकलेलाच नव्हता. ती मान हलवून हो म्हणे आणि मान हलवूनच नाही म्हणे. आम्ही तिघी भर दुपारच्या उन्हात गावातून चावडीकडे निघालो, तशी दारं उघडत गेली.

चावडीत शिरताच जिजी म्हणाली, "मन्हा नवरा मरना. मी जित्ती शे. वावर मन्हा नाववर चढावा."

सर्कलसाहेब वयस्क होते, शांत होते. ते म्हणाले, "ठीक आहे. तलाठी, जबाब लिहा. बाई, तुमची निशाणी काय?"

जिजीचा हात सवयीने पदराकडे गेला. गाठीची जागा तिने चाचपली. डाग होते, गाठ नव्हती. तो हात तसाच तिथे राहिला.

आप्पा मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, तिन्ही निशाणी बांगडी. आते तिले बांगडी कथी ऱ्हायनी? अंगठा ल्या."

"अंगठा देवाव नही," जिजी म्हणाली.

"बरं, मग हातानेच एक गोल काढा," साहेब म्हणाले.

"काढू द्या ना," आप्पा म्हणाला. "पन मांगला कागदस्वरनी बांगडी आनि हाऊ गोल जुडस का ते दखा. उद्या कोनी म्हनी, दुसरीच बाई व्हती."

साहेबांनी तलाठ्याकडे पाहिलं. तलाठ्याने खाली पाहिलं. साहेबांना अजून म्हसावद गाठायचं होतं. ते कागद गोळा करत म्हणाले की मग पुढच्या खेपेला बघू, तोवर वहिवाट गिरधररावांकडे राहू द्या. पुढची खेप म्हणजे पेरणी झाल्यावर, कदाचित सुगीही झाल्यावर. एकदा आप्पाचे बैल त्या वावरात शिरले की ते पुन्हा बाहेर निघणार नाहीत, हे चावडीतल्या लहान पोरालाही कळत होतं.

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

कोण बोललं ते आधी कळलंच नाही. मग बघते तर जमना. पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि हात पुढे.

"आम्हना दोन्हीसना हात एकच मापना. मन्यारीनले इचारा."

एवढंच बोलली, आणि तिने आपल्या हातातली बांगडी उतरवायला सुरुवात केली.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. सवाष्ण बाई नवरा जिवंत असताना हातातली बांगडी अशी चारचौघांत उतरवत नाही. पिचली तरी 'वाढली' म्हणायचं, फुटली म्हणायचं नाही. आणि इथे नवरा समोर बसलेला! आप्पाचा चेहरा फळ्यासारखा काळा पडला.

"ए! काय करी ऱ्हायनी? मी जित्ता शे ना!"

बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली होती. जमना बोटं आवळून ती हळूहळू पुढे सारत होती.

"फुटी जाई! फुटी जाई ना ती!" आप्पा उठून उभा राहिला, बसला, परत उठला.

बांगडी निघाली. जमनाने ती जिजीच्या तळहातावर ठेवली. मला वाटलं आता जिजी झटकन निशाणी करेल आणि सुटेल. छे! तिने पदर सारखा केला, तलाठ्याकडे वळली आणि आपल्या जुन्या आवाजात म्हणाली, "वाच रे भाऊ."

तलाठ्याने जबाब वाचला. ती उभ्याने ऐकत होती. वाचून झाल्यावर ती खाली बसली आणि माझ्याकडे बोट केलं. "आते ही वाची."

"वहिनी, मी हात जोडस," आप्पा म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. नजर बायकोच्या हातावर खिळलेली. "काढी टाक ना वं! लवकर काढी टाक!"

"तुमची हरकत होती ना गिरधरराव?" साहेबांनी विचारलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता.

"कसानी हरकत साहेब! बांगडीच काढू द्या! तीच खरी निशाणी शे तिन्ही, सगळा गावले ठावकी शे!"

मी वाचलं. आयुष्यात इतकं सावकाश आणि इतकं स्पष्ट मी कधी काही वाचलं नव्हतं. प्रत्येक शब्दाला आप्पा मान हलवत होता. मग जिजीने कागदावर बांगडी ठेवली, दाबून धरली, टाक बुडवला, जादा शाई दौतीच्या काठाला निपटली आणि फिरवायला घेतला. अर्ध्यावर शाई संपली. पुन्हा बुडवला. रेघ जिथून निघाली होती तिथे येऊन मिळाली. तलाठ्याने जुना कागद शेजारी धरला. तेवढाच घेर.

आप्पाने ती बांगडी झडप घालून उचलली आणि शाईसकट बायकोच्या हातात चढवायला लागला. पुरुषाला कुठली येते बांगडी भरता? ती सांध्याशी पुन्हा अडली. तो फुंकर काय घालतो, बोटं काय दाबतो! शेवटी एकदाची चढली, तेव्हा अख्खी चावडी खदखदून हसली, साहेबही हसले. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. जिजी मात्र कोरड्या चेहऱ्याने म्हणाली, "शाई जरा जास्त लागनी," आणि पुन्हा आपल्या कोपऱ्यात बसायला घरी गेली.

पेरणी जिजीच्याच बैलांनी झाली. बिजवराकडे निरोप गेला की पोर शाळेत आहे. सुंदर पुढे सातवी पास झाली आणि मनासारख्या घरी पडली.

जिजीने त्यानंतर हातात बांगडी घातली नाही, गाठीतही ठेवली नाही. कागद आला की जमनाला हाक मारी. जमना येऊन एक बांगडी उतरवी. आता ती सहज निघे. आप्पा मात्र तेवढ्यापुरता अंगणात जाऊन सातपुड्याकडे तोंड करून उभा राही, आणि बांगडी परत हातात गेली की मगच वळे. गावातले लोक म्हणत, या बांगडीने आप्पाचं आयुष्य वाढत चाललं आहे. काही म्हणा, माणूस दर वर्षी जास्त गुटगुटीत होत होता. आणि जमनाला तो आता विचारून विचारून गोष्टी करी, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा दोंडाईचा स्टेशनला जायची गाडी पहाटे दाराशी लागली. जिजीने एका पांढऱ्या फडक्यात मिरच्या बांधून दिल्या. मी गाडीत चढले तोच तिला काय आठवलं, तिने बोचकं परत मागितलं आणि जमनाला हाक मारली. बांगडी फडक्यावर ठेवली, दौत मागवली, टाक फिरवला.

"रस्तामा कोनी इचारं तर सांग, हाई कोनी दिधं."

जिजीने माझा हात धरला, माझ्या बांगड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सही जरा मोठी करत जाय."

गाडी हलली. आप्पा फाटकाशी आमच्याकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून उभा होता. मी वळून पाहिलं. जिजी जमनाच्या हातात बांगडी चढवत होती. नवरा गेलेली बाई सवाष्णीला बांगडी भरत नाही, असा रिवाज आहे. जिजी भरत होती, अगदी सावकाश, आणि जमना हात पुढे धरून हसत होती.

"व्हयनं का?" आप्पाने पाठमोऱ्यानेच विचारलं.

बांगडी कधीच मनगटावर गेली होती. जिजीने जमनाचा हात आपल्या दोन्ही हातांत तसाच धरून ठेवला.

"नही आजून," ती म्हणाली.